इंधन-अल्कोहॉल, टाकाऊ अन्नद्रव्यांपासूनचे

अन्नद्रव्यांवर प्रक्रिया करताना मागे राहणाऱ्या शर्करायुक्त वा स्टार्चयुक्त अवशेषांचे सूक्ष्मजीवांकडून किण्वन (आंबविण्याची क्रिया) करून मिळविलेले, पेट्रोलात मिसळण्याजोगे निर्जल एथिल अल्कोहॉल. किण्वनात यीस्ट ग्लुकोजाचे अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड यांत रूपांतर करते, १०० ग्रॅ. ग्लुकोजापासून सैद्धांतिक दृष्ट्या सु. ५१ ग्रॅ. अल्कोहॉल मिळते. ही क्रिया सजीव यीस्टमुळे घडते, असे लूई पाश्चर यांनी दाखविले. कोशिकांबाहेरही यीस्टमधील वितंचकांमुळे (एंझाइमांमुळे) ती घडू शकते, हे एडुआर्ट बुखनर यांनी १८९७ मध्ये सिद्ध केले.

भारतात या इंधनाचा इतिहास मळीपासून सुरू होतो. उसाच्या रसातून साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर उरणाऱ्या दाट, काळसर पाकास मळी म्हणतात. १९३२ मध्ये साखर उद्योगास जकातीचे संरक्षण मिळाल्यावर कारखाने झपाट्याने वाढले आणि मळीची विल्हेवाट हा प्रश्न होऊन बसला. त्यातूनच पेट्रोलात अल्कोहॉल मिसळण्याचा कायदा संयुक्त प्रांतात १९४० मध्ये व केंद्रात १९४८ मध्ये झाला. महाराष्ट्रात १९५०–५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे सहकारी कारखान्यांबरोबर मळीचा साठाही वाढला. तथापि रसायने व मद्य यांच्या उत्पादकांकडून मळीच्या अल्कोहॉलास मागणी वाढल्याने त्याचा इंधन म्हणून वापर मागे पडला. १९४८ चा कायदा २००० मध्ये रद्द झाला; परंतु खनिज तेलाच्या आयातीचा भार कमी करण्यासाठी २००१ मध्ये मिरज व मनमाड येथे मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले आणि २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्के मिश्रण लागू करण्यात आले.

वऱ्हाडात हा प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा राहिला. अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर व त्याच्या आसपासचा पूर्णा खोऱ्याचा प्रदेश हा उसाचा नव्हे, तर कापूस, ज्वारी व कडधान्ये यांचा आहे. १९६४ मध्ये प्रसारित झालेल्या सीएसएच-१ या संकरित ज्वारीने उत्पादन वाढविले. पण ती लवकर पक्व होत असल्याने कणसे पावसात सापडून दाण्यांवर बुरशी चढे. अशी काळी पडलेली ज्वारी बाजारात मातीमोल होई. तिच्यातील स्टार्च मात्र बव्हंशी शिल्लक असतो. वितंचकांच्या साहाय्याने त्याची शर्करा केल्यास किण्वन करता येते. याच युक्तिवादावर महाराष्ट्र शासनाने २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्क तयार करण्यास प्रोत्साहन देण्याचे धोरण आखले. चांगले धान्यही मद्याकडे वळेल, असा आक्षेप घेऊन त्यास तीव्र विरोध झाला.

इतर अवशेषांच्या बाबतीतही अशाच अडचणी आहेत. अकोल्याच्या डाळ गिरण्यांत निघणारी तुरीची चुणी जनावरांचे खाद्य असल्याने ती टाकाऊ ठरत नाही. वरूड-मोर्शी भागातील संत्र्यांच्या सालीत लिमोनीन हे तैलद्रव्य असते व ते यीस्टची वाढ रोखते. म्हणून ते आधी काढावे लागते. शिवाय मळीच्या एका लिटर अल्कोहॉलमागे सु. १० ते १५ लि. प्रदूषक सांडपाणी निघते. दर्यापूरसारख्या खारपाणपट्ट्यात, जेथे भूजल खारे आहे, तेथे असे उद्योग काढताना हा प्रश्न दुर्लक्षिता येत नाही.

२०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने खराब धान्य, तुकडा तांदूळ व सडलेले बटाटे यांच्या वापरास मान्यता दिली. मिश्रणाचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले. मात्र ही वाढ केवळ अवशेषांच्या बळावर झालेली नाही; उसाचा रस, शासकीय साठ्यातील तांदूळ आणि मका हेही वापरावे लागले. मक्याची मागणी वाढल्याने कुक्कुटपालकांना खाद्य महाग पडू लागले. मळीपुरता हा उद्योग मर्यादित होता तोवर अन्न व इंधन यांत स्पर्धा नव्हती; धान्याच्या बाबतीत खराब दाणा कोणता व खाण्याजोगा कोणता, हे ठरविण्यावरच त्याची इष्टता अवलंबून राहते.