जपानी तलवारीचा अभ्यास : पहिले पाते कोणते निवडावे?

जीवहिंसेपासून विरत राहणे हे ज्यांचे पहिले शील, त्यांनी शस्त्राचा अभ्यास कशासाठी करावा, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर इतिहासातच आहे. यामातो प्रांतातील, म्हणजे आजच्या नारा परिसरातील, सेन्जुइन, ताइमा व तेगाइ ही तलवार घडविणारी घराणी बौद्ध मठांच्या आश्रयाने वाढली, कारण त्या मठांनी सशस्त्र भिक्षू बाळगले होते. इ. स. १५८८ मध्ये तोयोतोमी हिदेयोशी याने शेतकऱ्यांकडील तलवारी, भाले, धनुष्ये व बंदुका जप्त करण्याचा हुकूम काढला. या लोखंडाचे खिळे क्योतो येथील महाबुद्धाच्या मंदिरास लावले जातील आणि त्यायोगे शेतकऱ्यांचे इहपरलोकी कल्याण होईल, असे त्यात आश्वासन होते. बुद्धाचे नाव पुढे करून कष्टकऱ्यांना निःशस्त्र करण्यात आले. योद्धा व शेतकरी हा भेद पुढे एदो काळात (१६०३–१८६८) वंशपरंपरागत झाला.

हा इतिहास लक्षात घेता नवशिक्या अभ्यासकाने आपले पहिले पाते म्हणून एदो काळातील वाकिझाशी, म्हणजे सुमारे ३० ते ६० सें.मी. लांबीची आखूड तलवार, निवडावी, असे आमचे मत आहे. लांब व आखूड तलवारींची जोडी हे सामुराईचे चिन्ह होते. शहरांतील सामान्य नागरिकास मात्र आखूड तलवार बाळगता येत असे. म्हणून वाकिझाशी विपुल घडल्या आणि विपुल टिकल्या. त्याच प्रतीच्या लांब तलवारीपेक्षा त्या बहुधा स्वस्त मिळतात. थोड्या पैशांत उत्तम घडण पाहावयास मिळणे, हाच नवशिक्याचा लाभ होय.

निवड करताना नावाकडे शेवटी पाहावे. प्रसिद्ध कारागिरांच्या खोट्या सह्या फार आढळतात. प्रथम पात्याचा आकार, मग पोलादाच्या घडीतून उमटलेला पोत आणि त्यानंतर धारेलगतची पांढुरकी रेषा, म्हणजे हामोन, तपासावी. पात्यावर मातीचा लेप देऊन, ते तापवून पाण्यात बुडविल्याने ही रेषा उमटते. ती टोकापर्यंत अखंड असावी. धारेस आडवी चीर असल्यास ते पाते घेऊ नये. हे सर्व दिसण्यासाठी पात्याची झिलई चांगली हवी. झिजलेले, गंजलेले पाते स्वस्त मिळाले तरी त्यावर शिकता येत नाही. १९४८ साली स्थापन झालेल्या निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाइ या संस्थेचे प्रमाणपत्र सोबत असल्यास मोठा आधार मिळतो.

मुठीत दडलेल्या भागावरील काळसर गंज कदापि घासू नये. शिलालेखाची झीज जशी त्याच्या वयाची साक्ष देते, तसाच हा गंज. पात्यास उघड्या हाताने स्पर्श करू नये आणि झिलईचे काम प्रशिक्षित कारागिरावरच सोपवावे. खरेदीपूर्वी तोक्योतील उएनो येथील राष्ट्रीय संग्रहालय व र्‍योगोकु येथील तलवार संग्रहालय यांतील अस्सल पाती पुनःपुन्हा पाहावीत. डोळा तयार होण्यास दुसरा मार्ग नाही.

काही पात्यांवर फुदो, म्हणजे अचल, या देवतेचे बीजाक्षर सिद्धम् लिपीत कोरलेले असते. ही लिपी मूळची भारतीय, आपल्या देवनागरीप्रमाणेच ब्राह्मीतून निघालेली. नवव्या शतकात कूकाइ आदी भिक्षूंनी चीनहून तिचे अध्ययन जपानात नेले. आपल्या अक्षराचे हे दूरचे रूप पाहून आनंद होणे साहजिक आहे. परंतु अभ्यासकाने तेथेच थांबू नये. पोलादातील दोष झाकण्यासाठीही काही वेळा असे कोरीवकाम केले जाई. पवित्र अक्षराखाली काय दडले आहे, हे तपासून पाहण्याची सवय पहिल्याच पात्याने लावली, तर १५८८ चा हुकूमही आपल्याला नीट वाचता येईल.