म्हाताऱ्या कुत्र्याचा हक्क : फिकहच्या इतिहासातले एक विसरलेले पान

मुसलमानाच्या घरी कुत्रा चालत नाही, हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा बोलले जाते की त्यापुढे विचार थांबतो. प्रत्यक्षात कोकणातल्या वाड्यांवर, मराठवाड्यातल्या शेतवस्त्यांवर, शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या मुस्लिम कुटुंबांकडे राखणीचे कुत्रे आहेत. रात्री चोर आला तर भुंकायला आणि रानडुकराला शेतातून हुसकायला तो लागतो. तोवर कुणाचीच हरकत नसते.

प्रश्न येतो तो कुत्रा बारा-तेरा वर्षांचा झाल्यावर. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो, मागचे पाय उचलत नाहीत, मूत्रपिंडे थकतात, बसल्या जागी लघवी होते. मग घरातले कुणीतरी म्हणते, ‘‘राखणीपुरती परवानगी होती. राखण संपली, परवानगीही संपली. बाजारात नेऊन सोडा.’’ हे शरीअतच्या नावाने बोलले जाते. म्हणून त्याचे उत्तरही शरीअतच्या इतिहासातच शोधले पाहिजे.

आधी परवानगीचे पाहू. कुरआनात सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी प्राण्यांनी धरलेली शिकार हलाल ठरवली आहे. सूरह कहफमध्ये गुहेत झोपलेल्या श्रद्धावंत तरुणांसोबत त्यांचा कुत्राही आहे, आणि तो उंबरठ्याशी बसलेला असल्याचा उल्लेख आहे. हदीसमध्ये शिकार, गुरे आणि शेती या कारणांसाठी कुत्रा ठेवायला मोकळीक आहे. विनाकारण ठेवला तर रोजच्या पुण्यातून एक किंवा दोन कीरात वजा होतात, असे आले आहे. कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, ही हदीस तर सर्वांना पाठ असते. ती राखणीच्या कुत्र्यालाही लागू आहे का, यावर मात्र जुन्या आलिमांतच मतभेद होते. खत्ताबींच्या मते परवानगी असलेले कुत्रे त्यातून वगळलेले आहेत. इमाम नववींचा कल ती सर्वांना लागू धरण्याकडे होता.

दुसरा मुद्दा नजासतचा. मालिकी मजहबात जिवंत कुत्रा पाक मानला जातो. हनफी मजहबात त्याची लाळ नापाक आहे, पण अंग नाही. शाफई आणि हंबली मजहबांत तो संपूर्ण नापाक आहे. त्याचे ओले अंग किंवा लाळ लागली तर सात वेळा धुवायचे, त्यात एकदा मातीने. महाराष्ट्रातले बहुतेक मुसलमान हनफी आहेत, पण कोकणी मुसलमान शाफई. म्हणजे कुत्र्याबाबत सर्वांत कडक नियम आपल्याकडे कोकणातच पाळले जातात, आणि नारळी-पोफळीच्या वाड्या राखायला कुत्र्याची गरजही तिथेच असते.

याच कडक शाफई परंपरेत तेराव्या शतकात इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम नावाचे फकीह होऊन गेले. दमिश्कमध्ये जन्म, ११८१ च्या सुमारास. कैरोत मृत्यू, १२६२ मध्ये. लोक त्यांना ‘सुलतानुल उलमा’ म्हणत. दमिश्कच्या शासकाने क्रुसेडरांना किल्ले देऊन टाकले तेव्हा त्यांनी मशिदीच्या मिंबरवरून त्याचा निषेध केला आणि पद गमावले. इजिप्तमध्ये काजी झाल्यावर त्यांनी सत्तेतल्या मम्लूक अमीरांना सांगितले की, कायद्याने तुम्ही अजून गुलाम आहात, तेव्हा आधी तुमची विक्री होऊन रक्कम बैतुलमालमध्ये जमा झाली पाहिजे. हक्क कुणाचा, हा प्रश्न समोरच्याची ताकद पाहून सोडायचा नसतो, असे मानणारा हा माणूस होता.

त्यांच्या ‘कवाइदुल अहकाम’ या ग्रंथात माणसांच्या हक्कांबरोबर जनावरांचे माणसावरचे हक्कही मोजले आहेत. त्या यादीत पहिला हक्क पोषणाचा आहे, आणि त्याला एक अट जोडलेली आहे: जनावर म्हातारे झाले, किंवा इतके आजारी पडले की त्याचा आता काहीच उपयोग उरला नाही, तरी मालकाने त्याच्या जातीला लागेल तो खर्च करत राहायचा. पुढे त्यांनी लिहिले आहे की त्याच्यावर झेपणार नाही एवढा बोजा टाकू नये, त्याला इजा करतील अशा जनावरांसोबत ठेवू नये, त्याची बसण्याची आणि पाणी पिण्याची जागा चांगली ठेवावी, त्याच्यासमोर त्याची पिल्ले कापू नयेत.

त्यांनी इथे कुत्र्याचे नाव वेगळे घेतलेले नाही, पण त्याला वगळलेलेही नाही. नियम सर्व प्राण्यांसाठी आहे. ‘राखण संपली, परवानगी संपली’ या युक्तिवादाचे उत्तर इथे मिळते. कुत्रा आणायचा की नाही, हे ठरवताना उपयोगाचा विचार करा; एकदा तुमच्या दाराशी राहिला की त्याचा हक्क उपयोगावर अवलंबून राहत नाही.

हा एकट्या इज्जुद्दीन यांचा विचार नव्हता. फिकहच्या ग्रंथांत जनावराच्या खर्चाची चर्चा ‘नफका’च्या प्रकरणात येते, म्हणजे बायको-मुलांच्या पोटगीच्या प्रकरणातच. इमाम नववी (१२३३–१२७७) यांचा ‘मिन्हाज’ शाफई अभ्यासक्रमात आजही शिकवला जातो. त्यानुसार जनावराचा मालक चारा-पाणी देत नसेल तर त्याला सक्ती करता येते: विक, खाऊ घाल, किंवा खाण्याचे जनावर असेल तर जबह कर. कुत्र्याची विक्री शाफई मजहबात वैध नाही आणि त्याचे मांस हलाल नाही, म्हणजे मालकासमोर पर्याय आणखीच कमी. हनफींमध्ये बहुमत असे की अल्लाहसमोर ही जबाबदारी आहेच, मात्र काजी सक्ती करणार नाही. इमाम अबू यूसुफ यांच्या मते काजी सक्तीही करू शकतो.

पाण्याचा मसला तर याहून स्पष्ट आहे. सतराव्या शतकात दमिश्कच्या हस्कफी यांनी लिहिलेल्या ‘दुर्रे मुख्तार’ या हनफी ग्रंथात तयम्मुमची कारणे दिली आहेत. जवळचे पाणी वुजूसाठी वापरले तर तहानेने हाल होतील अशी भीती असेल, तर ते राखून तयम्मुम करता येतो. आणि ही तहान स्वतःच्या कुत्र्याची असली तरी चालते. नमाजसारख्या फर्जच्या तयारीतले पाणी कुत्र्यासाठी बाजूला ठेवायला फकीह सांगतात. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून बुटात पाणी काढून पाजणाऱ्याची मगफिरत झाली, ही बुखारी-मुस्लिममधली हदीस आपण वाजमध्ये ऐकतो. फकीहांनी त्याच विचाराचा रोजच्या वापराचा कायदा केला. त्याच संग्रहांत मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीसही आहे. ना खायला दिले, ना मोकळे सोडले, हा तिचा गुन्हा होता. ज्याला चालता येत नाही, अशा कुत्र्याला बाजारात सोडणे हे मोकळे सोडणे होत नाही.

महाराष्ट्राचाही या इतिहासात एक धागा आहे. जून १८३२ मध्ये मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालवली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला; त्यांना हिंदू, जैन आणि इस्माइली मुसलमानांचीही साथ मिळाली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली, आणि १८८३ मध्ये परळला बाई साकराबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय आले. या संस्था मोलाच्या आहेत. पण फिकहने जबाबदारी संस्थेच्या आधी मालकावर टाकली आहे, हे विसरता कामा नये.

मग घरात ती पाळायची कशी? शाफई घरातही हे अशक्य नाही. नियमानुसार कोरड्याला कोरडे लागले तर नजासत पसरत नाही. ती पसरते ओलाव्याने. पडवीत किंवा गोठ्यात एक कोपरा ठरवावा, तिथे जाड गोणपाटाचे कोरडे अंथरूण घालावे, नमाजची जागा वेगळी ठेवावी. सेवेचे कपडे वेगळे, हातमोजे जवळ, धुण्यासाठी एका डब्यात स्वच्छ माती. उठता न येणाऱ्या कुत्र्याला दर काही तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर हाडांवर जखमा होतात. पाणी तोंडाजवळ ठेवावे, खाणे थोडे थोडे द्यावे, ओले झालेले अंग पुसून कोरडे करावे. माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या देऊ नयेत, त्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. औषध पशुवैद्यांनाच विचारावे. यातले जवळजवळ प्रत्येक काम इज्जुद्दीन यांच्या यादीत कुठल्या ना कुठल्या रूपात आहे: पोषण, स्वच्छ जागा, इजेपासून संरक्षण.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. दुखणे असह्य झाले आणि पशुवैद्य म्हणाले की आता सुईने शांत करू, तर? इथे फकीह एकमताचे नाहीत. नंतरच्या शाफई ग्रंथांत, खाल्ले न जाणारे जनावर त्रासातून सोडवण्यासाठीही मारू नये, असे म्हटले आहे. उदाहरण लुळ्या पडलेल्या गाढवाचे आहे. मालिकींच्या ‘मुख्तसर खलील’मध्ये मात्र बरे होण्याची आशा संपलेल्या अशा जनावराला मोकळे करण्याची मुभा आहे. म्हणून हा निर्णय पशुवैद्य आणि आपल्या मजहबचे जाणते आलिम, दोघांना विचारून घ्यावा. पण तो निर्णय कुत्र्याच्या दुखण्यावरून व्हायला हवा. आपल्याला साफसफाईचा कंटाळा आला, हे कारण दोन्ही मजहबांपैकी कुणीच दिलेले नाही.

सात वेळा धुणे कठीण वाटणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की, धुण्याचा नियम आणि खाऊ घालण्याचा नियम दोन्ही शाफई ग्रंथांतच आहेत. पहिला आपल्या इबादतीसाठी आहे. दुसरा त्या कोपऱ्यात पडलेल्या जिवाचा आपल्यावरचा हक्क आहे, आणि तो मागायला त्याच्याकडे तोंड नाही.