कुलूप सगळ्यांचं, किल्ली आपली

आज चेन्नईला जाऊ. तिथे माउंट रोडजवळ रिची स्ट्रीट आहे. आपल्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारखीच ही संगणकांची गल्ली. समजा, तिथल्या दुकानात तुमची जुनी हार्ड डिस्क पोहोचली. तुम्ही म्हणाल, "माझ्या लॅपटॉपला पासवर्ड होता की!" होता, पण तो दारावरचा पहारेकरी. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की पहारेकरी मागेच राहतो आणि बँकेची कागदं, घरचे फोटो, सगळं वाचता येतं. म्हणून डिस्कवरचा मजकूरच सांकेतिक करून ठेवायचा. हेच डिस्क एन्क्रिप्शन.

हे कुलूप सामान्य माणसाला फुकट मिळू लागलं, त्यात २००४ हे वर्ष मोठं. फेब्रुवारीत ट्रूक्रिप्ट आलं. मार्चमध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये डीएम-क्रिप्ट दाखल झालं आणि क्लेमेन्स फ्रुहविर्थ यांनी त्यासाठी लुक्स ही पद्धत तयार केली. त्याच वर्षी सारा डीन यांचं फ्रीओटीएफई आलं. ते विंडोजवर चालायचं, पुढे खिशातल्या पीडीएवरही चालू लागलं. गंमत म्हणजे, पासवर्ड ठाऊक असेल तर लिनक्सवर लावलेलं लुक्सचं कुलूप त्याला विंडोजवर उघडता यायचं. कारण कुलपाची रचना सगळ्यांसमोर मांडलेली होती.

रचना उघड असेल तर कुलूप कच्चं नाही का? ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच सांगितलं होतं, की रचना शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, गुप्त राहायला हवी ती किल्ली.

आता पुन्हा चेन्नई. २००५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचं राष्ट्रीय संसाधन केंद्र इथे उभं राहिलं. सी-डॅक आणि अण्णा विद्यापीठाचं एयू-केबीसी केंद्र त्यात होतं. २००७ मध्ये सी-डॅकची बॉस लिनक्स आली, मराठीसह भारतीय भाषांसाठी. तिचा पाया डेबियन. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या डेबियन ४.० मध्ये, लिनक्स बसवतानाच डिस्कला कुलूप लावायची सोय झाली.

पण कारागीरच निघून गेला तर? २८ मे २०१४ रोजी ट्रूक्रिप्टच्या अनामिक कर्त्यांनी अचानक काम थांबवलं. कोड मात्र उरला होता. तज्ज्ञांनी तो तपासला. २०१५ च्या अहवालात काही चुका निघाल्या, पण मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा सापडला नाही. त्याच कोडवरून घडलेलं व्हेराक्रिप्ट आजही चालू आहे. अँड्रॉइडनेही २०११ मध्ये टॅब्लेटसाठी डीएम-क्रिप्टच वापरलं होतं.

एक इशारा. या कुलपाची आयती दुसरी किल्ली कुणाकडे नसते. पासवर्ड विसरलात, तर रिची स्ट्रीटचा कसलेला कारागीरही हात जोडेल. म्हणून आज दोन कामं करा: डिस्कला कुलूप लावा आणि पासवर्ड कागदावर लिहून घरच्या कपाटात जपून ठेवा.