'वॉर्न आउट' म्हणजे नेमके काय? थकलेला की झिजलेला? अर्थ, वापर आणि कागदावर लिहिताना घ्यायची काळजी

बालाघाट : गॅरेजच्या बिलावर, मोटारपंपाच्या वॉरंटी कार्डावर, मुलांच्या इंग्रजीच्या पुस्तकात 'वॉर्न आउट' हे विशेषण वारंवार भेटते. त्याचे दोन अर्थ आहेत. वस्तूबद्दल असेल तर वापरून वापरून झिजलेली, निकामी झालेली. माणसाबद्दल असेल तर पार थकलेला, अंगात त्राण न उरलेला.

मूळ क्रियापद 'वेअर', म्हणजे कपडा अंगावर घालणे. वेअर, वोअर, वॉर्न अशी त्याची रूपे. घालून घालून कापड विरते, म्हणून घालणे आणि झिजणे हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात आले. वस्तूवरून तो माणसाच्या थकव्यालाही लागला. उच्चार मात्र इशारा देणे या अर्थाच्या 'वॉर्न'सारखाच असल्याने नुसते ऐकून गोंधळ होतो.

मराठीत हे सगळे एका शब्दात बसत नाही, आणि यात मराठीचीच श्रीमंती आहे. चप्पल झिजते, लुगडे विरते, टायर गुळगुळीत होतो, विळा बोथट होतो, बैलगाडी खिळखिळी होते, घर मोडकळीस येते, पोथी जीर्ण होते. माणूस दमतो, भागतो, शिणतो. परिस्थितीने पिचतो, ते वेगळेच. "आज त पुरा थकून गेलो," हे आपल्याकडचे वाक्य 'आय ॲम वॉर्न आउट'च्या अगदी जवळचे. हिंदीतही वस्तू 'घिसी हुई' आणि माणूस 'थका-हारा' असे दोन शब्द लागतात.

झिजणे मराठीत माणसालाही लागते, पण तेव्हा त्यात मान असतो. 'आईने संसारासाठी देह झिजवला' याचे भाषांतर 'वॉर्न आउट' केले तर थकवा उरतो, त्याग जातो.

व्याकरणाचा भाग छोटा आहे. नामाआधी आला की मध्ये जोडरेघ द्यायची : 'वॉर्न-आउट शूज'. वाक्याच्या शेवटी आला की सहसा जोडरेघ नको : 'द शूज आर वॉर्न आउट'. 'टायर्ड'पेक्षा हा शब्द जड आहे. 'एक्झॉस्टेड' अर्थाने जवळचा, पण जरा औपचारिक. रजेच्या अर्जात तोच बरा दिसतो. 'बर्नआउट' मात्र वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याचे वर्णन कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था असे केले. आजार म्हणून नाही.

हा शब्द पैशालाही लागतो. कॉमर्सच्या पुस्तकातला 'घसारा' म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी दरवर्षी हिशेबात धरलेली रक्कम. मजुराच्या झिजेसाठी वहीत असे खाते नसते. वॉरंटी कार्डावर बहुधा बारीक अक्षरात लिहिलेले असते की 'नॉर्मल वेअर अँड टेअर', म्हणजे नेहमीच्या वापराने झालेली झीज, भरून मिळणार नाही. सहा महिन्यांत पंपाचा भाग फुटला आणि तक्रारीत कोणी 'वॉर्न आउट' लिहिले, तर दुकानदाराच्या हाती आयतेच कारण सापडते. दोष बनावटीचा वाटत असेल तर 'मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट' लिहावे. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. नोटांचे उलटे आहे. नेहमीच्या वापराने मळलेली नोट बँकेला बदलून द्यावी लागते. तिथे झीज हेच कारण चालते.

सगळ्यात नाजूक प्रकरण बोटांच्या ठशांचे. विटा, सिमेंट, दगड यांत राबणाऱ्यांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा जुळत नाही. अशा ठशांना इंग्रजीत 'वॉर्न फिंगरप्रिंट्स' म्हणतात. अर्जात नुसते 'अंगठा लागत नाही' लिहिले तर आधार कार्डच चुकीचे असल्याची शंका घ्यायला जागा राहते. गोंदिया-भंडाऱ्याकडे 'बोटांचे ठसे झिजल्यामुळे जुळत नाहीत', बालाघाटकडे 'उंगलियों के निशान घिस जाने से मिलान नहीं हो रहा' असे स्पष्ट लिहावे. आधारची ओळख डोळ्यांच्या बुबुळावरून किंवा नोंदवलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीनेही पटवता येते. त्यांपैकी जी सोय तिथे असेल ती त्याच अर्जात मागावी.