तळघर आणि माजघर

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील लंडन, धुके, वेड्यांचे इस्पितळ, कुलपाआड कोंडलेली स्त्री आणि वारसाहक्काचे गुपित, एवढ्या सामग्रीवर रचलेल्या इंग्रजी कादंबऱ्या अलीकडे पुष्कळ निघाल्या आहेत. सारा वॉटर्स यांची ‘फिंगरस्मिथ’ (2002) ही त्यांतील चांगली. जयपुरात त्या वाचताना तो काळ फारसा कल्पावा लागत नाही. येथील आल्बर्ट हॉलची कोनशिला खुद्द राणीच्या युवराजाने 1876 साली बसविली आणि इमारत 1887 साली खुली झाली. याच दोन सालांच्या मध्ये, 1885 त, या वाटेचा एक फाटा पुण्यात फुटला. आम्हां मराठी वाचकांस ती वाट अगदीच परकी नव्हे, ती त्यामुळे.

जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स (1814–1879) यांचे नाव आज अभ्यासकांपलीकडे फारसे कोणी घेत नाही. 1844 पासून त्यांची ‘मिस्टरीज ऑफ लंडन’ आठवड्याआठवड्याला पेनीपेनीने विकली जाई. खून, तळघरे, चोरदरवाजे, उमरावांचे दुराचार आणि मधूनच गरिबांच्या बाजूने तळमळीचे भाषण; कारण गृहस्थ चार्टिस्ट चळवळीतले होते. प्रतिष्ठित इंग्रजांनी नाके मुरडली. हिंदुस्थानात मात्र रेनॉल्ड्स अतिशय आवडीने वाचले गेले. साहेबाच्या घरातले पाप साहेबानेच सांगावे, ही गोष्ट पारतंत्र्यातील वाचकास गोड लागली असावी, असे आम्हांस वाटते. शिवाय रहस्याची चटक होतीच. ती नाकारण्यात अर्थ नाही.

हरिभाऊ आपट्यांनी ऐन एकविशीत ‘पुणेवैभव’ पत्रात ‘मधली स्थिती’ लिहावयास घेतली, ती याच लेखकाच्या ‘मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन’च्या धर्तीवर. पहिलाच प्रयत्न, तोही उसना, असे म्हणून तिला दोन ओळींत निकालात काढण्याची रीत आहे. ती आम्हांस मान्य नाही. ‘मुक्तामाला’ (1861) आणि तिच्या मागून आलेल्या कथांतील अद्भुत संकटे व चमत्कारिक योगायोग यांवर पोसलेल्या वाचकाला आपल्याच शहरातील चालत्याबोलत्या माणसांकडे पाहावयास लावणे, हे काम लहान नव्हे. रेनॉल्ड्स यांच्यापासून हरिभाऊंनी खरे उचलले ते हेच : भरवस्तीतील दारे उघडून आत काय चालले आहे ते दाखविणे.

पुढे 1890 साली ‘करमणूक’ निघाले आणि त्यातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ येऊ लागली. तीत धुके नाही, भूत नाही, चोरदरवाजा नाही. तळघराची जागा माजघराने घेतली आहे. वैधव्य आलेल्या यमूचे केशवपन जबरदस्तीने होते, ते राहत्या घरात आणि घरच्यांच्याच हुकुमाने. हे प्रकरण वाचताना येणारा काटा इंग्रजी वेड्यांच्या इस्पितळांनी आमच्या अंगावर कधी आणला नाही.

कागदपत्रांत आयुष्य घालविणाऱ्या आम्हां कारकुनांस यातला एक फरक विशेष जाणवतो. इंग्लंडात त्या काळी एखाद्या गृहस्थाच्या बायकोस वेडी ठरवून कोंडावयाचे, तरी दोन डॉक्टरांचे दाखले लागत. यमूसाठी कोणाची सही लागली नाही.