राशोलची दोतोर्न

फादर थॉमस स्टीफन्स म्हटले की मराठी वाचकाला ‘क्रिस्तपुराण’ आठवते, आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या नावावर आणखी एक छोटे पुस्तक आहे. गोव्यातील राशोल येथे जेझुइटांच्या कॉलेजात ते १६२२ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, छापले गेले. ती कोकणीतली ‘दोतोर्न’, ख्रिस्ती धर्माची प्राथमिक शिकवण. मुखपृष्ठावर पोर्तुगीजमध्ये स्पष्ट लिहिले आहे की हे पुस्तक संवादाच्या रीतीने रचले आहे, मुलांना शिकवण्यासाठी.

या शेवटच्या शब्दांपाशी मी बराच काळ अडलो. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले ते मराठीत. माणूस तोच, सासष्टीचा मुलूख तोच. मग मुलांसाठी भाषा का बदलली?

माझा तर्क असा. मराठी ही तिथल्या शिकलेल्या लोकांची पोथीची भाषा होती. पुराण ऐकायचे ते मराठी ओवीत, हा त्यांचा पिढ्यांचा सराव. पुराणाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? त्या भुकेचे उत्तर ओवीतच देणे भाग होते. पण सात वर्षांचे पोर पोथीच्या भाषेत आईकडे पेज मागत नाही. त्याला देवाशी बोलायला शिकवायचे, तर घरातलीच बोली हवी.

मूळ पुस्तक मार्कोस जॉर्ज या पोर्तुगीज जेझुइटाचे. त्याच प्रश्नोत्तरीची तमिळ आवृत्ती १५७९ मध्ये कोचीनला निघाली आणि १६२४ मध्ये आफ्रिकेतील कोंगोच्या भाषेत ती लिस्बनला छापली गेली. गुरू-शिष्यांचा प्रश्न आणि उत्तर, तेच पुन्हा, तालावर, सगळ्यांनी एका सुरात. आपल्या गावच्या शाळांतले पाढे ज्यांनी म्हटले आहेत, त्यांना ही पद्धत समजावून सांगायला नको. अर्थ मागाहून येतो, आधी जीभ वळते.

ही रीत स्टीफन्सच्या आधीची आहे. १५४२ मध्ये गोव्यात उतरलेला फ्रान्सिस झेवियर रस्त्यांवरून घंटा वाजवत फिरे आणि मुलांना, नोकरांना शिकवणीला पाठवा असे लोकांना सांगे. पुढे तमिळ किनाऱ्यावरच्या मोती काढणाऱ्या परवरांत त्याने प्रार्थना तमिळमध्ये करवून घेतल्या, स्वतः पाठ केल्या, आणि मुलांना बजावले की शिकलेले घरी जाऊन आईबापांना शिकवा. शाळेचा खरा विद्यार्थी उंबरठ्याच्या आत बसलेला होता. मूल म्हणजे त्याच्यापर्यंत पोहोचणारी वाट.

या वाटेने काय काय गेले, हेही सांगायला हवे. झेवियरच्या १५४४ च्या पत्रात तो कौतुकाने लिहितो की मुले आपल्याच आईवडिलांनी मूर्ती पुजल्याची खबर त्याला देतात आणि त्या फोडायलाही पुढे असतात. मला ते कौतुक वाचवत नाही. १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या नावे हुकूम निघाला: ज्या हिंदू मुलांचे आईबाप आणि आजीआजोबा नाहीत, त्यांना गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात नेऊन बाप्तिस्मा द्यावा. काका-मामा असले तरी त्यांना विचारायचे नाही. श्रद्धा जोपासणे आणि मूल हिरावणे या दोन गोष्टी तेव्हाच्या गोव्यात एकाच छपराखाली होत्या. स्टीफन्सची दोतोर्न वाचताना हे छप्पर विसरून चालत नाही. पण त्याखालीही एक माणूस मुलांच्या बोलीत वाक्ये जुळवत बसला होता, हेही खरे.

मग सत्तेलाच ती बोली नकोशी झाली. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर याने फर्मान काढले की स्थानिक लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. फ्रान्सिस्कन पाद्र्यांचा त्याला पाठिंबा होता. म्हणजे एका पंथाच्या साधूने मुलांच्या ओठांवर ठेवलेली भाषा दुसऱ्या पंथाच्या साधूंना पुसून टाकायची होती.

ती पुसली गेली नाही. शाळेने जे मुलांकरवी घरात पाठवले होते, ते घराने ठेवून घेतले. चुलीपाशी, संध्याकाळी क्रूसासमोर, रोझरीच्या मण्यांवर कोकणी चालूच राहिली. या कामी पोर्तुगीज नीट न येणाऱ्या आयाआज्यांचा वाटा फार मोठा असावा असे मला वाटते.

जुन्या दोतोर्नची रोमन लिपीतली पाने डोळ्यांनी वाचू लागलो तेव्हा काहीच लागेना. मोठ्याने वाचली आणि ओळखीची कोकणी ऐकू येऊ लागली. ‘श’साठी तिथे पोर्तुगीज वळणाने ‘एक्स’ हे अक्षर येते. गोव्यात पहिल्या कम्युनियनची तयारी करणारी मुले आज रोमी कोकणीतल्या ज्या पुस्तकांवरून प्रार्थना पाठ करतात, त्यांतही ‘श’ तसाच लिहितात.