हयातीत आणि नंतर

चांदनी चौकात लाल किल्ल्याच्या बाजूनं शिरलं की उजव्या हाताला भागीरथ पॅलेस लागतो. दिल्लीत घर थाटलेल्या माणसाला इथं एकदा तरी यावंच लागतं. वायर, स्विच, दिवाळीच्या माळा, सगळं इथं ठोक भावात मिळतं. वायरींच्या जंजाळामागं उंच, गोल, युरोपीय घाटाचे खांब दिसतात. ते बेगम समरूच्या हवेलीचे. बेगम १८३६ साली वारली. त्यानंतर हवेली विकली गेली, तिथं बँक आली, १८५७च्या धामधुमीत बँकेचा व्यवस्थापक तिथंच मारला गेला, आणि विसाव्या शतकात शेठ भागीरथमल यांनी ती विकत घेतली. आता नाव त्यांचं आहे.

बेगमेकडं मी वळले ते एका मृत्युपत्रामुळे. माझ्या ओळखीच्या एक मावशी आहेत. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, ख्रिस्ती, दिल्लीत परिचारिका म्हणून आयुष्य काढलेल्या, अविवाहित. गाझियाबादला दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. त्यांनी फुलस्केप कागदावर मराठीत आपलं मृत्युपत्र लिहून काढलं होतं आणि वकिलासाठी त्याचं इंग्रजी करून हवं होतं. राहती जागा, थोडे म्युच्युअल फंड आणि आईच्या सोन्याच्या पाटल्या, हे सगळं गावाकडच्या मिशनच्या मुलींच्या वसतिगृहाला. "रोख माझ्याकडं कधी फारशी नव्हतीच," त्या म्हणाल्या. "आहे ते असं वस्तूत." मग जरा थांबून, "पण आपल्या लोकांना असं देता येत नाही म्हणतात गं. पुतण्या असला की चालत नाही."

मला वाटलं, ही चर्चच्या आवारातली ऐकीव गोष्ट असणार. पण ऐकीव नव्हती. फक्त वीसएक वर्षं जुनी होती.

१९२५च्या भारतीय वारसा कायद्यात ११८वं कलम होतं. ज्याला नेफ्यू, नीस किंवा त्याहून जवळचा नातलग आहे, त्यानं धार्मिक वा धर्मादाय कामासाठी मृत्युपत्रानं काही ठेवायचं तर दोन अटी होत्या. मृत्युपत्र मरणाच्या निदान बारा महिने आधी केलेलं हवं, आणि केल्यापासून सहा महिन्यांच्या आत ते सरकारनं नेमून दिलेल्या जागी जमा करून मरेपर्यंत तिथंच ठेवलेलं हवं. एक अट चुकली की ती देणगी रद्द. हिंदूंना हे कलम लागू नव्हतं, मुसलमानांना नव्हतं. पारशी १९९१च्या दुरुस्तीनं सुटले. उरले मुख्यतः ख्रिस्ती.

इथं अनुवादक म्हणून मी अडखळले. 'नेफ्यू' म्हणजे पुतण्या की भाचा? इंग्रजी कायद्याला दोन्ही सारखेच. मराठीत मात्र पुतण्या म्हटलं की वाडा, वाटणी, भाऊबंदकी डोळ्यांपुढं येते, आणि भाचा म्हटलं की लाड. आणखी गंमत म्हणजे या कलमाच्या नातेसंबंधांत रक्ताचं नातं मोजलं जाई, लग्नाचं नाही. म्हणजे मागं नुसती बायको असलेल्या माणसाला कलम आडवं येत नव्हतं. दूरदेशी, पत्रसुद्धा न पाठवणारा भाचा असला की येत होतं.

हे आलं कुठून? १७३६ साली ब्रिटिश पार्लमेंटनं एक कायदा केला. मरणाच्या दारातली माणसं वारसांना डावलून जमिनी धर्मादाय संस्थांच्या नावे करतात, अशी तक्रार होती. तिच्या मागं पाद्र्याबद्दलचा जुना संशय होता: शेवटच्या श्वासाला उशाशी बसून तो काहीतरी लिहून घेतो, हा. म्हणून जमीन द्यायची तर दस्त बारा महिने आधी केलेला आणि सहा महिन्यांत न्यायालयात नोंदलेला हवा. संस्थेच्या हाती गेलेली जमीन पुन्हा कधी बाजारात येत नाही, म्हणून अशा मालकीला तिकडच्या कायद्यात जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द आहे, मॉर्टमेन, म्हणजे मेलेला हात. १८६५ साली हिंदुस्थानसाठी वारसा कायदा लिहिताना हीच बारा आणि सहा महिन्यांची मोजमापं १०५व्या कलमात आली, आणि तिथून १९२५च्या ११८मध्ये. फरक एवढाच की इंग्लंडात रोख होता जमिनीवर, इथं कोणतीही मालमत्ता पकडली गेली. अगदी पाटल्यासुद्धा. पुढे १९६० साली इंग्लंडनं आपल्याकडचा हा मेलेला हात कायद्यातून काढून टाकला. आपण ठेवला.

या संशयात तथ्य होतं का, हे पाहायला दिल्लीहून फार लांब जावं लागत नाही. मेरठ जिल्ह्यातल्या सरधन्यात एकाच घरानं दोन पिढ्यांत दोन तऱ्हांनी दान करून पाहिलं.

बेगम समरू ही वॉल्टर राइनहार्ट ऊर्फ 'सोंब्र' या भाडोत्री सरदाराची सहचारिणी. १७७८ साली तो वारल्यावर त्याची फौज आणि सरधन्याची जहागीर तिच्या हाती आली. १७८१ साली आग्र्याला तिनं बाप्तिस्मा घेतला, नाव जोआना. दिल्लीच्या बादशहाची ती पाठराखीण, महादजी शिंद्यांच्या राजकारणातली ओळखीची बाई. १८०३ साली आत्ताच्या जालना जिल्ह्यातल्या असईला वेलस्लीविरुद्ध दौलतराव शिंद्यांच्या बाजूनं तिच्याही पलटणी होत्या. त्या लढाईनंतर तिनं वारा ओळखला आणि कंपनीशी करार केला. जहागीर तिच्या हयातीपुरती तिची, पुढं कंपनीची.

हयातीपुरती, हा शब्द तिला नीट कळला होता असं तिचा पुढचा व्यवहार पाहून वाटतं. जमीन आपल्यामागं राहणार नाही म्हटल्यावर तिनं दगड आणि रोकड यांवर भर दिला. सरधन्याचं मोठं चर्च तिनं स्वतःच्या खर्चानं, रेगेलिनी या इटालियन वास्तुकाराकडून बांधून घेतलं. नुसतं बांधून थांबली नाही. चर्चच्या चालू खर्चासाठी लाख रुपये, धर्मगुरू तयार करणाऱ्या विद्यालयासाठी लाख, गावातल्या गरिबांसाठी पन्नास हजार अशा रकमा बाजूला काढून व्याजी लावल्या, म्हणजे मुद्दल न मोडता काम चालावं. रोमला पोपकडं दीड लाख पाठवले, आणि, मला हे फार आवडतं, कँटरबरीच्या प्रॉटेस्टंट आर्चबिशपलाही पन्नास हजार. दोन्ही दारं ठोठावून ठेवलेली बरी, असा हिशेब असावा. हे सगळं ती हिंडतीफिरती असताना झालं. उशाशी बसून लिहून घेणाऱ्या पाद्र्याला इथं काही कामच नव्हतं.

बाकीची प्रचंड संपत्ती तिनं मृत्युपत्रानं आणि बक्षीसपत्रानं आपल्या वाढवलेल्या मुलाच्या, डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोंब्रच्या नावे केली. २७ जानेवारी १८३६ रोजी ती गेली आणि कंपनीनं जहागीर ताब्यात घेतली. दिल्लीच्या दक्षिणेचा बादशाहपूरचा परगणाही घेतला. आज गुरुग्रामच्या उंच इमारती ज्या बादशाहपुरात आहेत, तेच हे. ही जमीन जहागिरीत मोडत नाही, असं वारसाचं म्हणणं होतं. त्यावरचे कज्जे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. जे आपलं हयातीपुरतंच आहे ते बक्षीसपत्रानं देता येत नाही, ही जुनी गोष्ट त्यात पुन्हा एकदा महागात शिकली गेली.

डाइस सोंब्र विलायतेला गेला, एका उमरावाच्या मुलीशी त्यानं लग्न केलं, १८४१ साली सडबरीतून पार्लमेंटवर निवडून आला, आणि लाचलुचपतीच्या आरोपावरून ती निवडणूक दुसऱ्या वर्षी रद्द झाली. १८४३ साली बायकोच्या बाजूच्या मंडळींनी त्याला वेडा ठरवून घेतलं. तो पॅरिसला निसटला आणि उरलेलं आयुष्य आपण शहाणे आहोत हे सिद्ध करण्यात गेलं. १८५१ साली लंडनमध्ये वारला तेव्हा मृत्युपत्र निघालं. बायकोला वगळून त्यानं आपली संपत्ती ठेवली होती सरधन्याच्या वाड्यात एक शाळा काढण्यासाठी. मिश्र वंशाच्या मुलांची शाळा, म्हणजे त्याच्यासारख्यांची. अंमलबजावणी ज्या कंपनीनं त्याची जमीन घेतली तिच्याच चालकांवर सोपवलेली. कंपनी हे मृत्युपत्र खरं करायला खटला लढली आणि हरली. वेड्याचं मृत्युपत्र म्हणून ते बाद झालं आणि संपत्ती विधवेकडं गेली. त्याची शाळा झाली नाही. बेगमेच्या चर्चमध्ये मात्र आजही मिस्सा होते; १९६१ साली त्याला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला.

म्हणजे मृत्युपत्रानं केलेलं दान डळमळीत असतं हे खरंच होतं. पण डळमळीत का, तर देणारा प्रश्नांना उत्तरं द्यायला हजर नसतो म्हणून. त्यावर ११८व्या कलमाचा उपाय काय होता, तर देणाऱ्यानं आणखी बारा महिने जगून दाखवावं. डाइस सोंब्रचं दान कोसळलं ते मनाच्या अवस्थेवरून, आणि ते तपासायला कोणत्याही धर्माच्या माणसासाठी न्यायालयं होतीच.

१९९७ साली केरळच्या जॉन वल्लमट्टम या धर्मगुरूंनी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २१ जुलै २००३ रोजी सरन्यायाधीश व्ही. एन. खरे, न्या. एस. बी. सिन्हा आणि न्या. ए. आर. लक्ष्मणन यांच्या पीठानं ११८वं कलम घटनेच्या १४व्या अनुच्छेदाविरुद्ध म्हणून रद्द केलं. निकालातला युक्तिवाद साधा आहे. ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती असा भेद का? धर्मादायाला बंदी आणि वाटेल त्या उधळपट्टीला मुभा, हे कसं? आणि मृत्युपत्र केल्यावर माणूस किती दिवस जगेल हे त्याच्या हातात असतं का? वर्तमानपत्रांनी मात्र दुसऱ्या दिवशी उचललं ते सरन्यायाधीशांनी समान नागरी कायद्याबद्दल जाता जाता केलेलं विधान. त्या गोंगाटात मूळ गोष्ट हरवली. मावशींपर्यंत ती पोचली नाही यात नवल नाही.

मी त्यांना निकाल वाचून दाखवला. "म्हणजे पुतण्या असला तरी चालतं?" त्यांनी दोनदा विचारलं. मग वकिलांकडं गेलो तेव्हा इतर गोष्टी निघाल्या. म्युच्युअल फंडात नॉमिनी म्हणून वसतिगृहाचं नाव घातलं की काम झालं, असं त्यांना वाटत होतं. तसं नाही. नॉमिनी हा रक्कम हातात घेणारा, मालक नव्हे. कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या वारसांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३मध्ये हेच सांगितलं. मृत्युपत्रात वेगळं लिहायला हवं. पाटल्या तशाच दिल्या तर आयकरात सूट नाही, कारण वस्तूरूपी देणगीला ८०जी लागू नाही. विकून चेकनं पैसे दिले तर आहे. "सूट घेऊन काय करू?" मावशी म्हणाल्या. "आईच्या पाटल्या मी सोनाराकडं मोडायला नेऊ?"

फ्लॅटचा प्रश्न अवघड होता. मृत्युपत्रात ठेवला तर पुतण्या हरकत घेईल, ही धास्ती. आत्ताच बक्षीसपत्र करून द्यावा तर राहायचं कुठं? वकिलांनी मधला रस्ता सांगितला. नोंदणी केलेलं बक्षीसपत्र आत्ता करायचं, संस्थेनं ते आत्ता स्वीकारायचं, आणि मरेपर्यंत तिथं राहण्याचा हक्क मावशींनी स्वतःकडं ठेवायचा. ताबा न सोडता केलेलं असं बक्षीस चालतं हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली मान्य केलेलं आहे. पण एकदा नोंदणी झाली की मन बदलून चालत नाही. मृत्युपत्र शंभरदा फाडता येतं, बक्षीसपत्र नाही.

मावशींनी आठवडाभर वेळ घेतला. लहानपणी गावच्या चर्चमध्ये हंगामाच्या उपासनेला लोक कोहळे, बाजरीची कणसं, पाय बांधलेल्या कोंबड्या आणत आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होई, हे त्या मला फोनवर सांगत बसल्या. त्यांच्या वडिलांनी एकदा आपलीच कोंबडी लिलावात परत विकत घेतली होती, कारण धाकटी रडायला लागली.

शेवटी पाटल्या त्यांनी स्वतः गावी जाऊन वसतिगृहाच्या बाईंच्या हातात दिल्या आणि पावती घेतली. फ्लॅट मृत्युपत्रातच ठेवला. पुतण्याला बोलावून, चहा पाजून, कागद वाचून दाखवला. मी इंग्रजीत 'नेफ्यू' लिहिलं होतं. त्यांनी पेन घेऊन शेजारी मराठीत 'थोरल्या भावाचा मुलगा' असं लिहायला लावलं. साक्षीदार म्हणून सही करायला मी तयार होते, पण साक्षीदार मजकूर न वाचलेला बरा, असं मावशींचं मत पडलं. खालच्या मजल्यावरच्या शर्माजी आणि त्यांच्या पत्नीला हाक मारली गेली.